बकरीविरुद्ध काढलेलं पत्रक

तुम्ही कधी एखाद्या बकरीचा जाहीर निषेध केला आहे? मी केला आहे. लेखी.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही कुवेतमधल्या सालमियात राहत होतो. अम्मानं रत्नागिरीहून बोटीनं आणलेले अळूचे कांदे तुपाच्या डब्यात रुजवून स्वयंपाकघरात तान्ह्या बाळासारखे जपले होते. शेजारच्या हलीमाखाला आपल्या युसूफसाठी माझ्या झुबेदाआपाला मागणी घालायला शुक्रवारी येणार होत्या आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, "अळूवडी पाहिजे हां, गावची!"

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि पत्रकं वाचून वाढलो होतो. जरा ऊन पडलं, तशी मी घोषणा केली, "सूर्यप्रकाश हा प्रत्येकाचा हक्क आहे!" आणि डबा अंगणात नेला.

"अरे, थंडी परत येते इथं!"

"अम्मा, भीती ही गुलामीची पहिली पायरी!"

(थंडी परत आली. तीन दिवस बोचरा वारा. माझ्या अंगावर दोन स्वेटर होते. अळूच्या अंगावर माझी तत्त्वं.)

गुरुवारी नवी पानं उलगडली, तर काय! प्रत्येक पानाला भोकं! तीही मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, जोडीजोडीनं, एका ओळीत. मी तासभर उकिडवा बसून बघत राहिलो. किडा एवढा शिस्तीचा असतो? उंदीर मोजून खातो? तेवढ्यात दारात हलीमाखालांची बकरी दिसली. काहीतरी चघळत होती!

मी तडक पत्रक लिहिलं: 'शोषक बकरीचा जाहीर निषेध!' पाच प्रती काढल्या. एक कणकेच्या खळीनं खालांच्याच दारावर चिकटवली.

"मेल्या, आपाचं लग्न मोडतोस काय?" अम्मा कडाडली. आपानं माझा चहा बंद केला.

शुक्रवारी खाला आल्या. बकरीसकट!

"सलीम, हिनं खाल्लं?"

"पुरावा समोर आहे, खाला."

"कच्चं अळू? घसा खाजवून घ्यायला ती काय तुझ्याएवढी शिकलेली आहे?"

त्यांनी एक न उघडलेलं, विडीसारखं गुंडाळलेलं पान खुडलं आणि हलकेच उलगडलं. आत करपल्यासारखे डाग. जोडीजोडीनं, एका ओळीत!

"आता सांग, बकरी या सुरळीत शिरली कशी?"

मी पानावर वाकलो. घडी घातलेल्या कागदाला एकदाच कात्री लावून पताका करतात, तसंच हे! सुरळीला एका जागी गारठा बाधला, आणि उलगडल्यावर तीच जखम चार जागी!

"अम्मा, थंडीनं खाल्लं!" मी आनंदानं ओरडलो.

"आणि थंडीत ठेवलं कुणी?"

(इथून पुढे मला त्या तपासात रस उरला नाही.)

आपा शांतपणे पुढे आली. "खाला, पानावर पान रचलं की भोकं झाकतात. मी लावते वड्या."

खालांनी तिच्याकडे पाहिलं, मग अम्माकडे. "ही पोरगी आमची. हा पोरगा मात्र तुमच्याकडेच ठेवा."

खालांना सोडायला गेलो तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या दारावरचं पत्रक बकरीनं खळीसकट संपवलं होतं. माझं लिखाण पचवणारी ती पहिली आणि आजवरची एकमेव वाचक. उरलेल्या चार प्रतींपैकी एखादी तुमच्या घरी सापडली, तर कृपा करून वाचू नका. जवळच्या बकरीला घाला!