मुलगी कुठे गेली?

त्या सकाळी आईच्या सँडल दारापाशी फरशीला चिकटून बसल्या होत्या. घाईघाईत तिनं पाय सरकवले, पाऊल उचलायला गेली आणि तोंडावर आपटता आपटता वाचली. खाली वाकून पाहिलं तर हस्तकलेच्या गोंदाची अख्खी बाटली तळव्यांखाली रिकामी केलेली.

"भिंगरी!"

भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून बापानं ठेवलेलं नाव. घरातलं एकही खोकं, झाकण किंवा बटण तिच्या तावडीतून सुटायचं नाही. त्यांची गावं वसायची, गावात बसगाड्या धावायच्या. गोंदाचे उद्योग नवे नव्हते, म्हणून आईनं कारण विचारलंच नाही.

"जिवावर उठलीस का माझ्या? उशीर झाला तर माझं काम तू करणार आहेस?"

एवढं बोलून तिनं जुने बूट चढवले आणि निघाली. भिंगरी दाराआड उभी होती. तिनं त्या बुटांचा विचारच केला नव्हता.

आई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे आरसे नि चकचकाट, मागे तिची अंधारी खोली. तिथं ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. घासताना जरा हात जड पडला की भिंग खुळखुळतं, आणि कमी घासलेलं दाबून बसवायला गेलं की तडकतं. दिवसभर मशीनची घरघर कानात. पण जीव अडकलेला असायचा गोष्टींत. लिहिण्याचा नाद लग्नाआधीपासूनचा. दोन गोष्टी मासिकात छापूनही आल्या होत्या. नवरा बस चालवायचा. त्यानं त्या वाचल्या नव्हत्या, पण मासिक मात्र डेपोत सगळ्यांना दाखवून आला होता.

लेक झाली आणि हात कधी मोकळेच राहिनात. मग तिनं एक शक्कल लढवली. संध्याकाळी स्वयंपाक करताना फोन भिंतीला टेकवून उभा करायचा, रेकॉर्डिंग लावायचं आणि गोष्ट तोंडानं सांगत सुटायचं. सुट्टीच्या दिवशी ते ऐकून कागदावर उतरवायचं. भिंगरी टेबलाखाली आपलं गाव मांडून बसलेली असायची. आई ओट्याशी, लेक टेबलाखाली, दोघी आपापल्या नादात. छान जमलंय आपलं, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला तो तिला मशीनच्या आवाजात ऐकूच आला नाही. बस चालवताना नवरा फोन बंद ठेवायचा. शाळेकडे तिसरा नंबर होता नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दार उघडंच होतं. नवरा खुर्चीत, अंगावर अजून ड्रायव्हरचा गणवेश, पायांत बूट. अक्का उभ्या. आणि मधोमध, जमिनीवर, पलंगाखालची निळी बॅग.

"भिंगरी कुठाय?" तिच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"आत आहे. सुखरूप आहे," अक्का म्हणाल्या. "तिची काळजी होती तर मग ही बॅग कसली?"

"कसली म्हणजे? भिंगरीचे आखूड झालेले कपडे आहेत. द्यायला काढलेत कुणाला तरी."

अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, बॅगेची चेन ओढली. वर इवलासा पिवळा स्वेटर निघाला, खाली मोजे, फ्रॉक. एकेक कपडा तो उलटून बघत राहिला.

"काय झालंय? सांगेल का कुणी मला?"

"बाईंनी घरातल्यांचं चित्र काढायला सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "हिनं तिघांऐवजी दोघंच काढली. बाईंनी विचारलं, आई कुठाय? तर म्हणाली, आई बॅग घेऊन जाणार आहे. मला सांगणार नाहीये. मी झोपले की दार ओढून जाणार आहे."

ही वाक्यं तिचीच होती. तिच्या नव्या गोष्टीतली बाई अशीच घर सोडून जायची.

"अहो, ती गोष्ट आहे. मी सांगत होते ना फोनवर, रोज."

"आग असल्याशिवाय धूर निघत नाही," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तू जरा थांब." तो पहिल्यांदाच बहिणीला असं बोलला असेल. मग बायकोकडे वळला. "लाव ते. ऐकू दे मला."

तिनं फोन टेबलावर ठेवला. भांड्यांच्या आवाजातून तिचाच आवाज आला. 'तिनं लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. बॅग उचलली. दार इतक्या हळू ओढलं, की...'

मध्येच बारीक आवाज. "आई, मग ती मुलगी कुठे गेली?"

'...की बिजागरीसुद्धा कुरकुरली नाही. रस्ता रिकामा होता.'

"आई, मुलगी कुठे गेली?"

"थांब गं! मध्ये बोलू नकोस, तुटतं माझं."

मग नळाचं पाणी. मग पुन्हा ती बाई, तिचा रस्ता, तिची बस. तो बारीक आवाज पुन्हा आला नाही.

तिनं घाईनं फोन बंद केला. हे रेकॉर्डिंग तिनं गेल्या सुट्टीत ऐकलं होतं, कागदावर उतरवलंही होतं. लेकीचा आवाज तेवढा गाळून.

नवऱ्यानं विचारलं, "खरं सांग. जावंसं वाटतं तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही. पण तो माणूस असा बघत होता, की थाप मारणं तिच्या जिवावर आलं.

"कधी कधी वाटतं," ती म्हणाली. "दमले की वाटतं. जाणार नाही मी. पण वाटतं."

तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "मला शेवटच्या फेरीला वाटतं," तो म्हणाला. "डेपोत वळूच नये, सरळ जावं. जा आत. वाट बघत असेल ती."

भिंगरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सँडल म्हणून चिकटवल्यास?"

मान हलली.

"अगं सोने, ती गोष्टीतली बाई होती. मी नव्हते."

"आवाज तुझाच होता."

ती शेजारी बसली, हात पुढे केला. भिंगरीनं तो ढकलला.

"मग तिला परत आण."

"ती नाही येत परत. त्या गोष्टीत नाही येत."

"तूच सांगतेस ना गोष्ट? मग आण!"

हो म्हटलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण उद्या ही पोरगी विचारणार होती, आणली का? "माझ्या गोष्टीत ती जाते," ती म्हणाली. "तुझ्या गोष्टीत तू आण. पण ही आई इथंच आहे. मी कामाला जाते आणि घरी येते. विचारलंस की सांगेन. गोष्ट तुटली तर तुटू दे."

"कट्टी," भिंगरी म्हणाली. आणि मग रडली, आईच्याच कुशीत शिरून, पण कट्टी न सोडता.

आठवडाभर ती आईला दारापर्यंत सोडायला यायची आणि विचारायची, "ही गोष्ट आहे की खरं?" "खरं. संध्याकाळी येते," आई सांगायची. गोष्ट सांगण्याचं काम तिनं दुकानाच्या मागच्या खोलीत हलवलं, जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना. भिंगं विचारत नाहीत काही. पण टेबलाखालचं ते गाव नसलं की तिची गोष्ट लंगडायची, हेही तिला तिथंच कळलं. मग ती पुन्हा ओट्याशी परतली, पण सुरू करण्याआधी "आता गोष्ट हं, खरं नाही" असं लेकीला सांगून.

गोष्ट पुरी झाली. त्यातली बाई परत आली नाही. पण शेवटची दोन पानं आता मागे राहिलेल्या मुलीची होती. सकाळी उठून ती काय करते, कुणाला काय विचारते. मासिकानं ती छापली. या वेळी नवऱ्यानं वाचली, मागच्या खिडकीशी बसून, आणि उठून भाजी चिरायला घेतली.

पुढे शाळेत बाईंनी भिंगरीला विचारलं, तुझी आई काय करते?

"चष्मे बनवते," भिंगरी म्हणाली, "आणि खोटं बोलते. पण आता आधी सांगून बोलते."