कानाने केलेली नोकरी, एका पानावर

लेक पहिलीत गेली त्या वर्षी मी ते काम धरलं, आणि ती कॉलेजात गेली तरी तेच करत होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची माहिती बोलून रेकॉर्ड करायचे. ते रेकॉर्डिंग हैदराबादला आमच्याकडे यायचं आणि आम्ही ऐकून टाईप करायचो. आधी ऑफिस आबिड्सला होतं. लॉकडाऊनमध्ये ते बंद झालं आणि कंपनीने कॉम्प्युटर घरी पाठवला. तेव्हापासून काचीगुड्यातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, मी कानाला हेडफोन लावून बसायचे.

त्या खोलीत बसलं की मी नेमकी कुठे आहे ते मला सांगता आलं नसतं. कुकरची शिट्टी व्हायची, जवळच्या स्टेशनातली घोषणा तेलुगूतून सुरू होऊन हिंदीत जायची, आणि कानात कुणीतरी थंडीच्या देशातून एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसांबद्दल सांगत असायचं. सगळं एकात एक मिसळायचं. कधी कधी हेडफोन काढल्यावरही थोडा वेळ मला वाटायचं, की खिडकीचा पडदा सारला तर बाहेर बर्फ असेल.

मग एका दुपारी कंपनीचा फोन आला. टाईप करायचं काम आता सॉफ्टवेअर करणार होतं. तपासायला थोडी माणसं ठेवणार होते, आणि त्या थोड्यांत मी नव्हते. आठवड्याभरात एक माणूस येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. टेबलावर जिथे तो असायचा तिथे लाकडाचा रंग वेगळा होता. मी तिथे फडकं मारलं आणि बसून राहिले.

माझे मिस्टर कोठी भागात औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब बघतात. परभणीकडचं घराणं, पण जन्म इथलाच, त्यामुळे त्यांच्या मराठीत दक्खनी कधी शिरते ते त्यांनाही कळत नाही. संध्याकाळी आल्यावर म्हणाले, "टेन्शन नक्को घेऊ. रेझ्युमे बनव. मिळतंय काहीतरी."

रेझ्युमे मी कधी बनवलाच नव्हता. ही नोकरी शेजारणीच्या ओळखीतून मिळाली होती, टायपिंगची परीक्षा घेतली आणि बसवलं. म्हणून लेकीला विचारलं. ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"मम्मी, तुझी अचीव्हमेंट्स सांग."

"कसली अचीव्हमेंट? ऐकलं आणि टाईप केलं."

"तसं नाही लिहीत कुणी. थांब, मी करते."

तिने कुठल्याशा साईटवर माझं वय, शिक्षण, कामाचं नाव टाकलं आणि चहा उकळेपर्यंत तीन पानं तयार झाली. डाव्या बाजूला निळी पट्टी, प्रत्येक कौशल्यापुढे चांदण्या. मी मराठी शाळेत शिकलेली, पण कामाने इंग्रजी चांगलं वाचता येतं. त्या पानांतली बाई अतिशय उत्साही होती. निकालावर नजर ठेवणारी, संघाला पुढे नेणारी, आव्हानांवर प्रेम करणारी. लेकीच्या कष्टाकडे बघून मी म्हणाले, "छान झालंय."

ती तीन पानं मी खूप ठिकाणी पाठवली. नोकरीच्या साईटवर, दवाखान्यांच्या ईमेलवर, विहारात वंदना झाल्यावर कुणी सांगितलेल्या पत्त्यांवर. कुठून उत्तर आलंच तर ते मशीनने लिहिलेलं असायचं, आपल्या अर्जाबद्दल आभार. एका ठिकाणी बोलावलं, तिथल्या पोराने कागद चाळून विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय करत होता?" मी सांगायला लागले तोवर त्याचा फोन वाजला. त्या दिवसांत दुपारी डोळा लागला की ती निळ्या पट्टीची बाई मला घरात दिसायची. ती चपला न काढता आत यायची, सगळीकडे बघायची आणि हसून निघून जायची. तिला काय हवं होतं कोण जाणे.

मार्केटच वाईट होतं म्हणतात. लेकीच्या कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गातली मुलंसुद्धा नुसती बसून होती. मला कळायचं की ती माझा रेझ्युमे बघताना स्वतःचाही बघते आहे.

मग एकदा आमच्या जुन्या टीम लीडचा फोन आला. तेलुगू बाई, माझ्याहून मोठ्या, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. त्यांचीही नोकरी माझ्या आधी गेली होती. म्हणाल्या, आबिड्सला या, डोसा खाऊ. आमच्या जुन्या ऑफिसच्या खालच्याच टिफिन सेंटरात आम्ही बसलो. मी पर्समधून तीन पानं काढून दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"ये कौन है?" त्यांनी विचारलं.

"मैं हूं, मॅडम."

"नहीं अम्मा. इस औरत को मैं नहीं जानती." त्यांनी पानं घडी करून बशीखाली ठेवली. "मैं उसको जानती जिसने वो घुटने वाली फाईल रोकी."

ती फाईल मी विसरले होते. त्यांनी सांगितल्यावर हळूहळू आठवली, बुडालेली वस्तू वर यावी तशी. एका डॉक्टरने सुरुवातीला पेशंटचा उजवा गुडघा म्हटलं होतं आणि पुढे ऑपरेशन ठरवताना डावा. आवाज दमलेला होता, मागे कुणीतरी बोलत होतं. बाकी कुणी जे ऐकलं ते लिहून पुढे ढकललं असतं. मी फाईल थांबवली, दोन्ही वाक्यं कुठे आहेत ते लिहिलं आणि परत पाठवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने दुरुस्ती पाठवली, उजवाच होता. एवढंच. मॅडमच्या लक्षात राहिलं होतं.

"हे लिही," त्या हिंदीत म्हणाल्या. "तू कशी आहेस ते नको लिहू, ते सगळेच लिहितात. तुझ्याकडे काय आलं, तू त्याचं काय केलंस, त्यातून काय झालं, एवढं लिही. एका पानात. आणि एकच कागद सगळ्यांना नको पाठवू. त्यांच्या जाहिरातीत जे काम मागितलंय ते तू खरंच केलं असशील तर तोच शब्द वापर, नाहीतर अर्ज आधी चाळणारं मशीनच तुला बाहेर काढेल. चांदण्या काढून टाक."

घरी परत येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवलं आणि मला त्या डॉक्टरांचे आवाज ऐकू यायला लागले.

पुढच्या कितीतरी दुपारी तशाच गेल्या. मिस्टर दुकानात, लेक कॉलेजात. मी पंख्याखाली रिकाम्या टेबलाशी बसायचे, समोर कोरा कागद, आणि एकेक डॉक्टर यायचा. त्यांचे चेहरे मी कधीच पाहिले नव्हते. एक हृदयाचे डॉक्टर काहीतरी कुरकुरीत खाता खाता बोलायचे, त्यांचं प्रत्येक औषध मी दोनदा ऐकायचे. एकाच्या मागे नेहमी एक पक्षी ओरडायचा, पिंजऱ्यातला असावा. एक बाई डॉक्टर होत्या, त्या वाईट निदान सांगायच्या आधी थोडं थांबायच्या. ती शांतता आली की मी सावरून बसायचे, जणू निदान माझ्याच घरातल्या कुणाचं आहे. आणि एक म्हातारे डॉक्टर, वर्षागणिक हळू होत गेलेले, शब्द शोधणारे. त्यांच्या फाईली कुणाला नको असायच्या म्हणून माझ्याकडे यायच्या. मला त्यांचा श्वास ओळखीचा झाला होता, श्वासावरून कळायचं की पुढचा शब्द अडणार आहे. एक दिवस त्यांच्या फाईली यायच्या थांबल्या. मी कुणाला विचारलं नाही. विचारणार कुणाला?

ह्या सगळ्याचा रेझ्युमेशी काय संबंध, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण एकेका आवाजाशी एकेक काम चिकटलेलं होतं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांमुळे मी अवघड आवाजांची टिपणं करून ठेवली होती, आणि नंतर नव्या मुलींना तीच टिपणं वापरून मी शिकवलं होतं. खाणाऱ्या डॉक्टरांमुळे सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांची यादी केली होती, आमचा सगळा गट ती वापरायचा. असं एकेक उतरत गेलं. पक्ष्याचं काहीच लिहिता आलं नाही.

एक दिवस मिस्टर लवकर आले, तेव्हा मी त्यांना पान वाचून दाखवलं, मराठीत करून. ते बूट न काढता ऐकत उभे राहिले.

"हे तू हितं बसून करत होतीस?"

"मग काय करत होते वाटलं?"

"मला वाटलं, टायपिंग." मग बूट काढत म्हणाले, "भाषा टाकल्या का?"

भाषा मी टाकल्याच नव्हत्या. मराठी घरची, दक्खनी गल्लीतली, तेलुगू भाजीवाल्यांची आणि शेजारची, इंग्रजी कामाची. हेही लिहायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. लेकीने ते टाकलं. ती म्हणाली, "मम्मी, जन्मतारीख काढून टाकू. आणि हे मधले रिकामे महिने कसेतरी लपवू." जन्मतारीख काढली, हल्ली ती कुणी मागतच नाही म्हणे. महिने मात्र मी राहू दिले. काम सॉफ्टवेअरकडे गेलं, म्हणून थांबले, असं एका ओळीत लिहिलं. तिने नाक मुरडलं, पण टाईप केलं.

नव्या पानालाही सगळ्यांनी उत्तर दिलं असं नाही. दोन ठिकाणी बोलावलं, पण समोर वय दिसल्यावर गोड बोलून परत पाठवलं. मग कोठीतल्या एका हॉस्पिटलने बोलावलं. तिथे डॉक्टर बोलतात, सॉफ्टवेअर डिस्चार्जचा कागद बनवतं, आणि तो तपासायला त्यांना माणूस हवा होता. जाहिरातीत हेच शब्द होते, आणि माझ्या पानावरही.

रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख बाईंनी माझं पान वाचलं. बोट गुडघ्याच्या ओळीवर थांबवलं, मग वर बघितलं. मला हेडफोन दिला आणि सॉफ्टवेअरने बनवलेला एक कागद समोर ठेवला.

हेडफोन कानावर आला आणि बाकीची खोली लांब गेली. एक तरुण डॉक्टर, घाईत, तेलुगू वळणाचं इंग्रजी, मागे ट्रॉलीची चाकं. कागदावरच्या तीन चुका सहज दुरुस्त केल्या. चौथ्या ठिकाणी थांबले. कागदावर गोळीचं प्रमाण पन्नास लिहिलं होतं. मला ते पंधराही ऐकू येत होतं. इंग्रजीत ते दोन आकडे घाईत सारखेच वाजतात. मी पुन्हा ऐकलं, डोळे मिटून पुन्हा एकदा ऐकलं.

"काय आहे ते?" बाईंनी हिंदीत विचारलं.

"आवाजावरून सांगता येणार नाही. ह्या औषधाला दोन्ही प्रमाणं असू शकतात. मी डॉक्टरांना विचारेन."

"ते ओपीडीत असतात. चिडतात."

"चिडू द्या. मी दारात उभी राहीन."

बाई थोड्या हसल्या. त्यांनी हेडफोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाल्या, "ते खरंच चिडतात. सोमवारपासून याल?"

आता सहा महिन्यांचा करार आहे, पगार आधीपेक्षा कमी आहे आणि पुढचं कुणालाच माहीत नाही. सॉफ्टवेअर दर महिन्याला थोडं शहाणं होतं, ते मलाच दिसतं, कारण त्याच्या चुका माझ्याकडे येतात. लेकीने तिचा रेझ्युमे एका पानाचा केला आहे. परवा ती मला विचारत होती की कॉलेजच्या कार्यक्रमात तिने खुर्च्या लावल्या होत्या, ते कसं लिहायचं. मी म्हणाले, "किती जणांसाठी, आणि कुणी सांगितलं म्हणून की तुझं तूच?" ती बोटांवर रांगा मोजायला लागली.

हॉस्पिटल मिस्टरांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर आहे. इतक्या वर्षांत आम्ही कधी एका वेळी कामावरून घरी आलो नव्हतो. संध्याकाळी मी पुस्तकांच्या दुकानांसमोर उभी राहते, ते स्कूटर घेऊन येतात, मी मागे बसते. कोठीच्या गर्दीत गाडी इतकी हळू चालते की बाजूच्या रिक्षातलं बोलणंसुद्धा ऐकू येतं. काल त्यांनी विचारलं, "पेरू घ्यायचे?" मी म्हणाले, घ्या. त्यांनी गाडी कडेला लावली आणि पेरूवाल्याशी भाव करायला उतरले. मी गाडीवर तशीच बसून राहिले. दिवे लागत होते.