भवानीला गेलेली वाकळ

परदेशात जाऊन आले म्हटल्यावर गंगाखेडच्या बाया मला आधी विमानाचंच विचारतात. कान दुखले का, खायला काय दिलं, खाली ढग दिसले का. मी सांगते. सांगायला मला आवडतं, ते काय लपून राहिलंय? पण जे सांगायला हवं ते कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुडीच्या कागदावर झालंय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा बायांचा गट वाकळा शिवतो. वाकळ म्हणजे गोधडी. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर रंगीत तुकडे लावायचे आणि कडेपासून आत बारीक टाके घालत जायचं. एका संस्थेच्या लोकांनी आमचं काम बघितलं आणि म्हणाले, जर्मनीत हातकामाच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं माल घेऊन चला. आमच्या गटाची मी निघाले. वालूरच्या गटाची एक बाई निघाली. आम्हा दोघींची गाठ पडली ती विमानतळावरच. ती मला आक्का म्हणायला लागली, मी तिला बाई म्हणायला लागले, आणि चहा येईस्तोवर दोघींना एकमेकींच्या सासूचे सगळे गुण पाठ झाले.

आता माझ्या पिशवीतल्या वाकळेचं सांगते, कारण सगळं त्या वाकळेपाशीच येतं.

माझी लेक बाळंतपणानंतर दोन वर्षांनी काविळीनं गेली. तिच्या सासरच्यांनी तिच्या साड्या गाठोड्यात बांधून माझ्याकडं पाठवल्या, आणि गाठोड्यासोबत नातही. त्या साड्यांची मी वाकळ शिवली. मधोमध लग्नातली पिवळी अष्टपुत्री, तिच्या बाजूनं डोहाळजेवणाची हिरवी, कडेला रोजच्या वापरातल्या फुलाफुलाच्या. नातीला आई आठवत नाही. आठवायचं तिचं वयच नव्हतं. लहानपणी ती त्या वाकळेवर पालथी पडायची आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायची, "ही नेसून आई कुठं गेली होती?" मी सांगायची. काही खरं, काही माझ्या मनचं. आता ती परभणीला कॉलेजात जाते, तरी सुट्टीला आली की तीच वाकळ. तिला सासरी जाताना द्यायची, हे आमचं दोघींचं ठरलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग एवढ्या जिवाची वस्तू परदेशात न्यायचीच कशाला? अहो, लेक गेल्यापासून मला तिच्याशिवाय डोळा लागत नाही. लग्नाला, मयतीला, कुठंही गेले तरी ती माझ्यासोबत. नात म्हणाली होती, "आजी, मालात मिसळू नको बरं." मी म्हटलं, "मला काय येडी समजलीस का?"

जाताना फजिती काय थोडी झाली? माझ्या ब्लाउजला कायम सुई टोचलेली असते. तपासणीच्या पोरीनं ती काढून घेतली आणि वालूरच्या बाईच्या पिशवीतला ठेचा हुंगून ती पोरगी अशी शिंकली की रांग थांबली. "हात नका लावू म्हनलं होतं मी," बाई म्हणाली, "आमच्याकडं जावईबी जपून खातो ते." तिकडं उतरल्यावर थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. मोजे घालून वर चपला, असं आम्ही दोघी सगळीकडं फिरलो. भाषा सांगायला संस्थेनं तिकडंच राहणारी पुण्याकडची एक बाई दिली होती. ती आम्हाला मावशी म्हणायची आणि रस्ता ओलांडताना हात धरायची.

हॉटेलात पहिल्याच दिवशी खोली आवरणारीनं चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं उचलून नेलं आणि नवं घातलं. माझी वाकळ नशिबानं खुर्चीवर होती. मला धास्तीच बसली. उद्या हिनं जुनं म्हणून हीपण नेली तर? म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी ती घडी करून सोबत प्रदर्शनात न्यायला लागले.

आणि तिथं मी काय केलं, तर टेबलावर ती अंथरली आणि तिच्यावर विकायचा माल मांडला. आमच्यात नवी वाकळ उघड्या जागेवर ठेवत नाहीत. आठवडी बाजारातसुद्धा खाली आधी घरची, वापरातली वाकळ टाकायची, मग तिच्यावर नवा माल. नव्या मालाला जुन्याची ऊब लागावी म्हणतात. वालूरकडंही हीच रीत. तिनं बघितलं आणि मान हलवली, "हां, आता दुकान दुकानावानी दिसायलंय." ही वाकळ कुणाची, कशाची, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लेकीचं नाव काढलं की माझा दिवस जातो, आणि तिथं तर मला हसून उभं राहायचं होतं.

पण गिऱ्हाईक लागेना. लोक यायचे, हात फिरवायचे, फोटो काढायचे, गोड हसायचे आणि पुढं जायचे. बाई म्हणाली, "हे लोक हसून हसून मारायलेत आपल्याला."

त्यानंतरच्या सकाळी मी हात धुवायला गेले. ती जागा लांब होती, येताना वाट चुकले, मातीच्या भांड्यांच्या दुकानांतून दोनदा फिरले. परत आले तर बाई लांबूनच हात हलवायलेली.

"आक्का, भवानी झाली!"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मी पण खूश. म्हटलं, "कोणती गेली गं? मोराची का?"

"न्हाई ओ. नव्याला तर म्हातारीनं हातबी लावला न्हाई. वरचा माल बाजूला सारला आन् खालचीच धरून बसली. ह्या भाषावाल्या बाईकडनं सांगितलं, जुनी हाय, वापरलेली हाय. तर आणखीच खूश झाली. आता भवानीचं गिऱ्हाईक, त्याला नको कसं म्हनू? दिवसाचं तोंडच बांधल्यावानी होतंय."

मी टेबलाकडं बघितलं. मालाच्या खाली पांढरं टेबल होतं. नुसतं पांढरं.

मी काय बोलले मला आठवत नाही. भाषा सांगणारी बाई सांगते की मी फक्त "कुठं, कुठं" म्हणत होते. म्हातारी रोख पैसे देऊन गेली होती. तिचं नाव नाही, पत्ता नाही. निळा कोट होता आणि केस पांढरे, एवढंच. आम्ही तिघी पळालो. मी आणि वालूरची बाई काष्टा सावरत, मोज्यांवरच्या चपला घसरत. लोक बाजूला व्हायला लागले. तिथं सगळ्याच म्हाताऱ्यांचे केस पांढरे आणि निम्म्या जणींचे कोट निळे. एकीच्या तर मी पिशवीत हातच घातला. तिच्या पिशवीत पाव होते. ती घाबरली नाही, तिनं माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. मला काय कळणार?

भाषा सांगणाऱ्या बाईनं भोंग्यावरून सांगायला लावलं. तीन-चारदा सांगितलं. आम्ही फाटकापाशी उभ्या राहिलो. बाहेर मोटारी निघत होत्या, काचा चढवलेल्या. प्रत्येक काचेत मी डोकावायची. संध्याकाळी फाटक बंद करणारा आला आणि त्यानं आम्हाला हातानं बाहेरची वाट दाखवली.

तेव्हा वालूरच्या बाईला मी सांगितलं, ती वाकळ कुणाची होती. ती फाटकाजवळच्या पायरीवर मटकन बसली. "आक्का, मला एका शब्दानं सांगायचं होतं की ओ. मी त्या म्हातारीच्या पाया पडून परत घेतली असती."

मी म्हटलं, "तुझ्या जागी मी असते तर मीपण दिली असती." आणि ते खरंय. आमच्या गटातल्या पोरींना भवानीचं गिऱ्हाईक माघारी धाडू नका, तोट्यात गेलं तरी चालेल, हे मीच शिकवलंय. तिच्यावर रागवायला माझ्याकडं जागाच नव्हती. राग असता तर बरं झालं असतं, कुठं तरी ठेवता आला असता.

त्या दिवसापासून माल असा खपायला लागला की दुकान उठायच्या आधीच टेबल रिकामं झालं. संस्थेच्या लोकांनी पेढे वाटले. वालूरची बाई पेढा हातात धरून बसली, तिनं तो खाल्ला नाही. विमानात तिनं स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या पायांवर टाकली आणि परभणी येईस्तोवर परत घेतली नाही.

गंगाखेडच्या स्टेशनावर नात घ्यायला आली होती. पिशवी हातात घेताच तिला वजनावरून कळलं. तिनं तिथंच फलाटावर चेन उघडली, आत बघितलं आणि परत लावली.

"आजी, कुठं हाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. रिक्षात बसल्यावरही सांगतच राहिले, की मी कशी पळाले, भोंग्यावर कसं सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "जाऊ दे. तू दमलीस."

सुट्टीभर ती माझ्याशी चांगली वागली. चहा करून द्यायची, औषधाची आठवण करायची. पण मी वेगवेगळ्या वाकळा काढून ठेवल्या तरी चादर घेऊनच झोपली. पाहुण्यानं झोपावं तशी, भिंतीकडं तोंड करून, अंग चोरून. एकदा मी मुद्दाम तिच्या आईच्या हिरव्या साडीचा विषय काढला, डोहाळजेवणाचा. आधी ती माझी चूक धरायची, "मागच्या वेळेस तर तू वेगळं सांगितलं होतंस." या वेळेस "हं" म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

परवा भाषा सांगणाऱ्या बाईचा फोन आला. यंदाच्या प्रदर्शनाला या म्हणाली. मी म्हटलं, माझ्यानं आता होत नाही, गटातल्या दुसऱ्या कोणाला धाडते. ती म्हणाली, "मावशी, त्या आजी पुन्हा आल्या तर मी विचारेन. पण आल्याच तर सांगू काय? परत मागू?"

वर्षभर तिच्याही अंगावर राहिली असेल आता. नात शेजारीच बसून सगळं ऐकत होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मागू नका," ती म्हणाली. "तिला सांगा, मशीनमध्ये धुऊ नको म्हणावं. पिवळा तुकडा लय विरलाय, त्यो फाटंल. हातानं धुवायची, थंड पाण्यात, आन् सावलीत वाळवायची."

पलीकडून ती बाई हो हो म्हणत होती. नातीनं सगळं परत पहिल्यापासून सांगितलं आणि लिहून घ्या म्हणाली.