सर्व्हरवर दुसरं कोणीतरी

सकाळपासून हे लिहायचं टाळतोय. उगाच भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर चक्कर मारून आलो.

आपला इंटरनेट रेडिओ परदेशातल्या भाड्याच्या विंडोज सर्व्हरवर वाजतो. मी रत्नागिरीच्या सायबर कॅफेतून रिमोट लॉगिन करून त्यावर गाणी लावतो. आज अचानक बाहेर फेकला गेलो, दुसऱ्या कोणीतरी लॉगिन केलं होतं. परत शिरलो तर गाण्यांची यादी पुसलेली, रेडिओ गप्प.

पासवर्ड फक्त मला आणि रशीदला माहीत; तो कुवेतला नोकरी करतो आणि तिथून रोज रेडिओवर बोलतो. त्याचा मोबाइल बंद. इथे त्याच्या घरी फोन केला तर त्याची अम्मी म्हणाली, “रोज रेडिओवर त्याचा आवाज ऐकते तेव्हा घास उतरतो रे. आज काय झालं?”

तुम्ही काय सांगितलं असतं?

थांबा. कॅफेच्या दारात बॅग घेऊन रशीद उभा आहे. म्हणतोय, “मीच बंद केला, येताना वाटेतूनच. नोकरी गेली. कुवेतहून बोलतोय असं खोटं रोज कसं सांगू? अम्मीला बोलू नकोस.”