सतरावा आकडा

नागोरावांना मी गेली बारा वर्षं ओळखतो आणि बारा वर्षं त्यांच्यावर चिडतोय. नारायण पेठेत माझं गॅरेज आहे. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं गाडीकडे ढुंकून बघत नाहीत आणि उरलेली गाडीला सुखानं जगू देत नाहीत. नागोराव दुसऱ्या जातीचे. मूळचे परभणीकडचे, तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात काढलेली. आता निवृत्त. बायको गेली, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत लेकीबरोबर राहतात.

लेक श्रद्धा. लहानपणीच्या अपघातात तिच्या पायांतली ताकद गेली, कुबड्यांवर चालते. जिभेला मात्र काही झालेलं नाही. तिला शाळेत सोडायला म्हणून नागोरावांनी एक छोटी गाडी घेतली होती. पुढे पोरगी मोठी झाली तेव्हा मी तिला क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर तिन्ही हातानं चालतील असे दांडे बसवून दिले, त्याची कागदोपत्री नोंदही केली. तेव्हापासून गाडी तिचीच.

गाडीला पंधरा वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी तेवढीच चालते. पुढची पाच वर्षं हवी असतील तर तपासणी करून पास करून घ्यायची. टायर, सायलेन्सर, विमा, पत्र्याचं काम, सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार घातले. विकायला काढली तर सत्तरसुद्धा कुणी देणार नाही. मी म्हटलं, "अहो, नवी घ्या की." त्यांनी नव्या गाडीचा भाव, त्यावर नव्या दांड्यांचा खर्च आणि स्वतःची पेन्शन, सगळं एका दमात ऐकवलं. मी पाना उचलून कामाला लागलो.

तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची, शुक्रवारची. सोमवारपासून श्रद्धाला खराडीच्या नव्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. मोबाइलवरून बोलावलेल्या गाड्या कुबड्या दिसल्या की न थांबता पुढे जातात, हे तिनं गाडी माझ्याकडे कामाला होती तेव्हा महिनाभर अनुभवलं होतं. गाडी पास झाली नाही तर नोकरीचं अवघड, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून मीही गॅरेज बंद करून बरोबर गेलो.

पासिंगच्या मैदानावर दिवे झाले, हॉर्न झाला, ब्रेक झाले. दांडे बघून इन्स्पेक्टर मॅडम म्हणाल्या, "काम चांगलं केलंय." मी फुगलो. मग त्या म्हणाल्या, "चेसिस नंबर दाखवा."

हा नंबर पत्र्यातच ठोकलेला असतो, सतरा अक्षरं आणि आकडे. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो, तो कागदपत्रांशी जुळला पाहिजे. या गाडीत तो डाव्या सीटखाली. मी सीट सरकवली, कार्पेट उचललं. खाली तव्यासारखा काळा, गुळगुळीत पत्रा. नंबराचा पत्ताच नाही.

"हाय की खाली," नागोराव कौतुकानं म्हणाले. "गंजू नये म्हणून दर खंडेनवमीला पूजेच्या आधी एक हात रंग मारतो मॅडम. नंबरावर दोन हात."

इतकी वर्षं गाडी माझ्याकडे येते, पण ते कार्पेट मी एकदाही उचललं नव्हतं. बारा वर्षं एकच गाडी बघणाऱ्या मेकॅनिकला एवढी अक्कल नको?

मॅडम आवाज न चढवता बोलल्या. "चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच झाकलेले असतात. मागे सात गाड्या आहेत. त्या होईपर्यंत नंबर दिसू दे. आणि नंबरावर एक जरी ओरखडा दिसला, तरी मी छेडछाड लिहीन."

नागोरावांचं तोंड उतरलं. चोर हा शब्द त्यांना उभ्या जन्मात कुणी लावला नव्हता.

मी थिनर आणलं. चिंधी भिजवून ठेवायची, रंग फुगला की बोटानं पुसायचा. ते म्हणाले, "बाजूला व्हा रविराजशेठ, माझा रंग मलाच कळतो." खरंच कळत होता. एकेक थर मऊ होऊन निघत होता. मी टॉर्च धरला, श्रद्धा कागद बघून एकेक अक्षर वाचत होती. तीन गाड्या गेल्या तेव्हा पाच अक्षरं दिसली. पाच गेल्या तेव्हा अकरा. थिनरच्या वासानं डोळे चुरचुरत होते.

"बाबा, घाई करू नका," श्रद्धा म्हणाली.

सहावी गाडी निघाली तेव्हा सोळा झाले. उरला शेवटचा. त्याच्या खाचेत रंग दगड होऊन बसलेला. मी म्हटलं, भिजू द्या अजून. मॅडमचे बूट आमच्याकडे वळलेले मला दिसले, नागोरावांनाही दिसले. आणि त्या माणसानं माझ्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

मी "नको" म्हणेपर्यंत झालं होतं. टोक घसरलं, आणि त्या आकड्यातून पांढरी रेघ आरपार गेली. तीन की आठ, काही सांगता येईना.

मॅडमनी बराच वेळ वाकून पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी लिहायचं तेच लिहिलं. चौकशी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. श्रद्धा म्हणाली, "मी." नागोराव म्हणाले, "खोटं बोलायलीय ती. मी केलं." मी टोइंगवाल्याला फोन लावला.

गाडी माझ्या गॅरेजात उभी आहे, अडीच महिने झाले. त्या सोमवारी सकाळी नागोराव भर रस्त्यात उभे राहिले, चौथी रिक्षा त्यांनी अडवलीच. तेव्हापासून रोज लेकीला सोडायला जातात आणि संध्याकाळी घेऊन येतात. मधल्या वेळात बसनं घरी जाऊन येतो, असं तिला सांगतात. एकदा मी पार्ट आणायला खराडीला गेलो होतो, तर ऑफिससमोरच्या कट्ट्यावर हा माणूस बसलेला. संध्याकाळी तिथं रिक्षा मिळत नाही, दुपारपासूनच बघून ठेवावी लागते, म्हणाले. म्हणजे रोज सकाळपासून नऊ तास तिथंच. "पोरीला सांगू नका," म्हणून माझे हात धरले. मला इतका राग आला की हात सोडवून घेऊन मी सरळ निघालो.

मग परवा श्रद्धा गाडीची चौकशी करायला आली. निघताना मी सहज म्हटलं, नागोराव बारीक झालेत. ती म्हणाली, "डबा खात नाहीत पूर्ण. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून समोरचा कट्टा दिसतो. मी रोज दोन डबे भरते, काका. एक त्यांच्या पिशवीत टाकते आणि सांगते, बसमध्ये खा."