खिडकीखाली उभा राहणारा

लालबागच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली, भिंतीबाहेर काढलेली खिडकी म्हणजे बाबांचं सिंहासन. जुनी कलली, म्हणून नवी बसवायला खिडक्या बसवणारे हे गृहस्थ आले. सुटलेलं पोट, कानामागे पेन्सिल. माणसांना ‘तुम्ही’ आणि खिडकीला ‘तू’! "सरळ बस गं," असं तिला दटावत त्यांनी खालून दोन लोखंडी ब्रॅकेट लावले, फटींत फोम भरला. तो वाळल्यावर मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तर यांनी उदबत्ती मागितली.

पूजा नव्हतीच. पेटती उदबत्ती त्यांनी चौकटीच्या कडेने सावकाश फिरवली. डाव्या कोपऱ्यात धूर जरासा थरथरला. त्यांनी तिथला सगळा फोम खरवडून काढला.

"अहो, एवढीशी झुळूक, येऊ दे की!" बाबा वैतागले. चार दिवस त्यांची रवानगी खुर्चीवर झाली होती.

"काका, आज वारा येतोय, जूनमध्ये पाणी येईल. पाणी लोखंड खातं, आणि त्या लोखंडाच्या भरवशावर तुम्ही बसणार."

दुसऱ्या दिवशी, नव्याने भरलेला फोम वाळल्यावर, धूर सरळ वर गेला. "पाच मिनिटांनी बसा," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून जिना उतरले. बाबा बसले. मी खाली डोकावलो, तर गृहस्थ बरोबर खिडकीखाली उभे, नजर ब्रॅकेटवर.

"अहो, बाजूला व्हा! पडली तर?" मी ओरडलो.

"पडेल असं वाटलं असतं, तर काकांना बसवलं असतं का?"

बाबांनी ऐटीत पाय हलवले. गृहस्थ खालून बराच वेळ तसेच ब्रॅकेटकडे बघत राहिले, आणि मगच चहाला वर आले.