पोकळ मुठीला कुंकू

जंगलात एकटं सापडलं तरी माणसाला जगता यावं म्हणून बनवलेले चाकू मी सिल्वासात, डोकमर्डीतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जमवत होतो. घराच्या एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं दुकान, समोर बसथांबा. मी उपाशी मरायचं ठरवलं असतं तरी शेजाऱ्यांनी मरू दिलं नसतं. पण मला ते चाकू आवडायचे, आणि आवडीचं कारण विचारणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावकडचा, प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला. बायको रत्नागिरीकडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वापीला स्टेशनबाहेर फॉरेनच्या मालाची दुकानं असायची. तिथे घड्याळं, अत्तरं आणि घडीच्या छत्र्यांच्या गर्दीत मला पहिला चाकू दिसला. वीतभर पातं, पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, काळी गोल मूठ. दुकानदाराने मुठीचं झाकण फिरवून काढलं आणि मूठ पालथी केली. आतून आगकाड्या पडल्या, मग मासे धरायचा गळ, दोरा, सुई, शिशाची गोळी आणि जखमेवर लावायची पट्टी. झाकणावर इवलंसं होकायंत्र होतं आणि आतल्या बाजूला काळं रबराचं कडं, पाणी आत जाऊ नये म्हणून.

"साहेब, जंगलमां फसी गया तो आ एकज बस छे," दुकानदार म्हणाला. म्हणजे जंगलात अडकलात तर हा एकटाच पुरे.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घनदाट जंगल म्हणजे खानवेलचा रस्ता, आणि तोही मी बसच्या खिडकीतून पाहिलेला. तरी त्या वाक्याने मी पार विरघळलो. परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो आणि बस कुठेतरी आडरानात बंद पडावी असं मला मनापासून वाटत होतं. बस वेळेवर पोचली.

एकाचे पुढे बरेच झाले. हिरव्या मुठीचा, बोटं अडकवायच्या कड्यांचा, म्यानाला धार लावायचा दगड चिकटवलेला, म्यानातून गलोल निघणारा. यात मला साथ होती ती वरच्या मजल्यावरच्या लेथवाल्याची. तो धुळ्याचा, माझ्याच कारखान्यात लेथ चालवायचा आणि त्यालाही हाच आजार होता. दर रविवारी आम्ही सगळे चाकू उघडायचो, आतलं सामान वर्तमानपत्रावर काढायचो, बघायचो आणि परत भरायचो. याला आम्ही देखभाल म्हणायचो.

"भाऊ, हे काय भारी दिसून राहिलं," लेथवाला दर वेळी त्याच गळाकडे बघून म्हणायचा.

बायको शाळेच्या वह्या तपासत आमच्याकडे बघायची. तिने भांडण कधी केलं नाही. ती फक्त विचारायची, "मग, आज काय कापलंत?" आणि आम्ही दोघंही सामान भरण्यात फार गुंतलेलो असायचो.

खरा प्रश्न दसऱ्याला उभा राहिला. तिच्या माहेरची एक रीत होती: दसऱ्याच्या पाटावर फक्त वर्षभर राबलेली वस्तू बसते. वस्तू कितीही चांगली असो, राबली नसेल तर तिला कुंकू नाही. त्याप्रमाणे तिने पाट मांडला. मधोमध विळी, बाजूला कात्री, तिचे खडू, लाल पेन, माझा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. मी पहिला चाकू खोबरेल तेलाने पुसून चकचकीत केला होता. तो विळीशेजारी ठेवला. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि रेडिओवर नेऊन ठेवला.

"अहो, हा राबलाय कुठे?"

"राबेल की."

"राबला की बसवू. हा शोभेचा आहे. शोभेच्या वस्तूला फडकं मारतात, कुंकू नाही लावत."

मला ते फार लागलं. स्क्रू ड्रायव्हरच्या कपाळी कुंकू आणि माझा चाकू रेडिओवर. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. बायकोने स्वतःच्या हाताने, मी न सांगता, माझ्या एका तरी चाकूला कुंकू लावलं पाहिजे. पगारवाढीसाठीही मी कधी एवढा पेटलो नव्हतो.

सुरुवात मी स्वयंपाकघरातून केली. तिने मला कोथिंबीर दिली. कोथिंबीर करवतीच्या दातांत अडकून बसली आणि ती एकेक काडी सोडवायला सुई लागली. सुई चाकूच्या मुठीतच होती, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. टोमॅटो कापला गेला नाही, त्याने नुसता जीव सोडला. तिने विळी ओढली, पाटावर एक पाय दाबून बसली आणि मी अजून चाकू धुतच होतो तोवर भोपळा चिरून मोकळी झाली. मला विळीचा राग येऊ लागला. ती कायम मान वर करून बसते, तिला गर्व आहे असं माझं आजही मत आहे.

त्या स्वयंपाकघरात बायकोचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे हिंग. तिला कडक वासाचा खडा हिंगच लागायचा आणि तो ज्या डब्यात ठेवावा त्या डब्याचं झाकण दगा द्यायचं. शेजारी चहाची पत्ती, साखर. आमच्या घरच्या चहाला बारा महिने हिंगाचा वास यायचा. तिने डबे बदलले, झाकणाखाली कागद लावले, प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, पण हिंग काही ऐकेना. लेथवाल्याला मात्र ती कोकणातली पद्धत वाटायची. तो कप तोंडाला लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "वहिनीच्या हातचा चहा पोटाला हलका पडतो."

कोथिंबीर झाल्यावर आम्ही मासेमारीकडे वळलो. एका रविवारी सकाळी मी आणि लेथवाला दमणगंगेवर गेलो. गळाला कणकेची गोळी लावली आणि दोरा पाण्यात सोडून बसलो. ऊन चढेपर्यंत दोरा हलला नाही. मग हलला, आणि आम्ही दोघांनी मिळून जे ओढून काढलं ते बादलीचं तुटलेलं कडं होतं. कड्याचा वाक मी ओळखला, आमच्याच कारखान्याचा माल होता.

रिकाम्या हाताने घरी जाणं मला शक्य नव्हतं. येताना बाजारातून आम्ही चांगले ताजे दिसणारे मासे घेतले, लेथवाल्याने एकाच्या तोंडात गळही अडकवला. आम्ही दोघं खानदेशातले. आमच्या लेखी मासा म्हणजे मासा. पिशवी बायकोपुढे ठेवून मी म्हटलं, "चाकूची कमाई."

तिने एक मासा शेपटीला धरून वर केला. "हा दमणगंगेत मिळाला?"

"पुलाच्या खाली," मी म्हणालो.

"लई झुंजला, वहिनी," लेथवाला म्हणाला.

"झुंजणारच. बांगडा आहे तो. बिचारा समुद्रातून इथवर पोहत आला, तेही बर्फ अंगावर घेऊन."

तिने बांगडे विळीवर साफ केले आणि फार सुंदर कालवण केलं. आम्ही माना खाली घालून दोनदा भात घेतला.

मग कारखान्याची सहल दादऱ्याला, वनगंगेच्या तळ्याच्या बागेत गेली. परत निघताना फाटक कुठल्या बाजूला यावर चर्चा सुरू झाली आणि मी पुढे झालो. चाकू काढला, झाकणावरचं होकायंत्र तळहातावर धरलं. सुई थरथरली आणि पात्याकडे वळली. मी उजवीकडे फिरलो, सुई पात्याकडे. डावीकडे फिरलो, तरी पात्याकडेच. पातं लोखंडी, सुईला तेच सगळ्यात जवळचं. जंगलात हरवलो असतो तर त्या होकायंत्राने मला बरोबर चाकूपर्यंत पोचवलं असतं, आणि चाकू तर माझ्या हातातच होता. आम्ही काही मंडळी त्याच छोट्या पुलावरून पुन्हा पुन्हा गेलो. बायकोने शेंगदाणेवाल्याला रस्ता विचारला होता. आम्ही पोचलो तेव्हा ती बसमध्ये बसून शेंगा खात होती.

असं करत पुढचा दसरा जवळ आला. मी आशा सोडत आलो होतो, तेवढ्यात सासूबाईंनी गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर गोणभर नारळ पाठवले. सगळे असोले, म्हणजे वरची सालं तशीच असलेले. त्यांच्या परसात कोयता असतो, त्यामुळे लेकीच्या घरी कोयता नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बायकोने विळीवर प्रयत्न केला. विळी सरकली, नारळ घरंगळला. त्या गर्विष्ठ विळीबाईला घाम फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"बघा तुमच्या चाकूने होतंय का," बायको म्हणाली.

हे वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. मी लेथवाल्याला हाक मारली, कारण अशा प्रसंगाला साक्षीदार लागतो. पहिला चाकू काढला, सगळ्यात लाडका. नारळ दोन पायांत धरला आणि चाकू सालात खुपसला. तो अर्धा आत गेला. माझी छाती फुगली. बायकोही वाकून बघू लागली. मग साल उचकटायला मी मूठ जोरात फिरवली.

कट् असा आवाज झाला. मूठ हातात अगदी हलकी लागली. पातं नारळात होतं, मी मुठीसकट मागे गोणीवर आदळलो होतो. लेथवाल्याने मूठ घेऊन खालून बघितली. एवढं दांडगं पातं करंगळीएवढ्या बोल्टवर उभं होतं, तो बोल्ट तुटला होता आणि त्याचा उरलेला तुकडा मुठीच्या तोंडात बुचासारखा घट्ट बसला होता.

"भाऊ, पण नारळात घुसलं तर जोरात," लेथवाला म्हणाला.

बायको आधी माझा हात बघायला आली. बोटं शाबूत आहेत हे कळल्यावर मात्र ती जी हसायला लागली ती गिरणीवाला डोकावून जाईपर्यंत. तो नारळ पात्यासकट बरेच दिवस कोपऱ्यात पडून होता. शेवटी लेथवाल्याने तो कारखान्यात नेला, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि पातं ओढून काढलं. त्या दसऱ्याला मी पाटाजवळ फिरकलो नाही. विळी मधोमध बसली होती आणि मला खरोखर वाईट वाटत होतं.

पुढे एकदा झाडताना बायकोला ती मोडकी मूठ कपाटाखाली सापडली. तिने झाकण फिरवून उघडलं, रबराच्या कड्यावरून बोट फिरवलं, परत लावलं.

"ह्यात पाणी जात नाही म्हणता ना?"

"बुडवून ठेवली तरी नाही," मी रुसलेलाच होतो.

"पाणी आत जात नाही, मग वास तरी बाहेर कसा येईल?"

तिने आगकाड्या, गळ, दोरा माझ्या हातात ठेवला, मूठ धुऊन उन्हात वाळवली आणि हिंगाचे खडे आत भरून झाकण पिळलं. पत्तीचा आणि साखरेचा डबा घासून नव्याने भरला. दोन-तीन दिवसांनी आमच्या घरात पहिल्यांदा चहाला चहाचा वास आला. ती कप हातात धरून बराच वेळ नुसती वास घेत बसली होती. लेथवाला संध्याकाळी आला, घोट घेतला, कपात बघितलं आणि अवघडून म्हणाला, "वहिनी, आज काही विसरल्या का?"

आणखी एक गंमत झाली. पातं गेल्यामुळे होकायंत्र बरोबर उत्तर दाखवायला लागलं. फोडणीला हिंग टाकताना माझ्या बायकोला उत्तर दिशा कळत असे. सिल्वासातच काय, कुठेच असं दुसरं स्वयंपाकघर असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतरच्या दसऱ्याला मी बाहेरच्या खोलीत पाना पुसत बसलो होतो. तिने पाट मांडला. विळी, कात्री, खडू, लाल पेन. मग ती आत गेली आणि ओट्यावरची मूठ घेऊन आली. ती तिने विळीच्या शेजारी उभी केली, हळद लावली, कुंकू लावलं, आणि झेंडूचं फूल होकायंत्रावर बरोबर मध्ये ठेवलं.

माझा पाना हातातच राहिला. "अगं, ती नुसती मूठ आहे," मी म्हणालो.

"वर्षभर राबली," ती म्हणाली. तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि पलंगाखालच्या ट्रंकेकडे बघितलं, जिथे बाकीचे सगळे चाकू तेल लावून निजलेले होते. "बाकीचे कधी मोडताय? जिऱ्याला कीड लागते, ओवा सादळतो. मसाल्याच्या वेलचीला तर जागाच नाही."

मला भलताच आनंद झाला. मी जिन्यात गेलो आणि लेथवाल्याला वर हाक मारली, खाली ये म्हटलं, आणि येताना कुठूनही असोला नारळ घेऊन ये.